चौथं सड

बसूअण्णाची आणि माझी ओळख दिवाळीच्या पाडव्याला झाली. ज्या माणसामुळे ती झाली, त्याच्या डोक्यातून त्या वेळी रक्त गळत होतं.

मी मूळची मलकापूरची. लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि पेठेतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून लागले. नोकरीचा पहिलाच महिना होता. पाडव्याला कोण येणार दवाखान्यात, म्हणून मी सुट्टी मागायला गेले, तर डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आज म्हशी पळणार. थांबा आणि टाक्यांचं सामान उकळून ठेवा." मला वाटलं, चेष्टा करतायत नवीन माणसाची.

चेष्टा नव्हती. पाडव्याला आमच्याकडचे गवळी म्हशी धुऊन, भादरून, शिंगं रंगवून रस्त्यावर काढतात. मालक पुढं मोटरसायकलवर, सायलेन्सर काढलेला, आणि त्याच्या हाकेवर म्हैस मागून पळत येते. बाकी हजार माणसं ओरडत असली तरी ती बघते फक्त आपल्या मालकाकडं. गवळ्याची सगळी इज्जत त्या दोन मिनिटांत असते.

साडेदहाच्या सुमाराला दारात एक धिप्पाड माणूस उभा राहिला. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, अंगात नवा कोरा शर्ट आणि खांद्यावर दुसरा एक माणूस. त्यानं तो माणूस टेबलावर अलगद ठेवला.

"टाकं घाला ह्यास्नी. नीट घाला, चांगला गवळी हाय."

"कशानं लागलं?" मी विचारलं.

"माझ्या हातानं."

"हातात काय होतं?"

"चरवी," तो म्हणाला. धारा काढायची पितळेची चरवी. काठाला केस चिकटलेली ती चरवी त्यानं बाहेर पायरीवर व्यवस्थित पालथी घालून ठेवली होती.

मी टाके घालत होते तेवढा वेळ त्यानं त्या माणसाचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले. तो माणूस त्याच्या आईबहिणीचा उद्धार करत होता आणि हा त्याला समजावत होता, "हलू नका पावणं, वाकडं शिवलं जाईल." सात टाके पडले. भांडणाचं कारण मला जखमीनंच सांगितलं. बसूअण्णाची म्हैस ऐन चौकात त्याची मोटरसायकल सोडून भलत्याच्याच मागं पळाली. बसूअण्णा घसा फुटेपर्यंत हाका मारत होता, ती वळूनसुद्धा बघेना. सगळा चौक हसला. हा गडी मात्र मोठ्यानं म्हणाला, "इकत आणल्याली म्हस ती. मालकाला कशी वळखंल? पुढल्या साली हेड्यालाच बशीव की गाडीवर!" हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. झालं, चरवी डोक्यात बसली.

जाताना बसूअण्णा मला म्हणाला, "मारायचं माझं झालं, शिवायचं तुमचं झालं. राग नगा धरू सिस्टर." संध्याकाळी त्याच्या बायकोच्या, शांतव्वाच्या हातनं शेरभर दूध घरपोच आलं. मी ते घेतलं. पुढं बारा-तेरा वर्षांत असं दूध माझ्या घरी किती वेळा आलं असेल, सांगता यायचं नाही. बसूअण्णा मारायचा आणि मारलेला माणूस स्वतः उचलून आणायचा. टपरीवाला आणला, रिक्षावाला आणला, एकदा त्याच्या स्वतःच्या लग्नात मध्यस्थी केलेला माणूस आणला. डॉक्टर म्हणायचे, "ह्याला कमिशन द्यायला पाहिजे." मला हसू यायचं नाही. माणूस माणसाला मारतो हे मला आवडत नाही, आणि त्याला मी ते तोंडावर सांगितलंही. तो मान खाली घालून ऐकायचा, आणि आठवड्यानं परत कुणाला तरी खांद्यावर घेऊन यायचा.

संध्याकाळी कट्ट्यावर त्याला बघितलं की हाच तो, असं वाटायचं नाही. आमच्याकडं म्हैस कट्ट्यावर उभी असते, गिऱ्हाईक पेला पुढं करतं आणि धार थेट पेल्यात पडते. फेसासकट ते कोमट दूध उभ्या उभ्या प्यायचं. बसूअण्णा उकिडवा बसून म्हशीच्या पोटाला कपाळ टेकायचा आणि तिच्याशी कानडीत बोलायचा. "बा अव्वा, बा." म्हणजे ये आई, ये. माणसांशी मराठी, म्हशींशी कानडी. मराठीत त्याचा आवाज फुटक्या पिपासारखा यायचा, कानडीत अगदी मऊ.

कसं काय अण्णा, विचारलं तर सकाळी त्याचं उत्तर "सकाळ निघाली" आणि संध्याकाळी "सांज निघाली". धारा निघाल्या, एवढाच त्याचा अर्थ. मी सांगायची, परवा या पट्टी बदलायला. तो म्हणायचा, "परवाचं कुणाला ठावं? आधी सांजच्या धारा तर निघू देत." त्याचा दिवस बारा तासांचा होता आणि त्यात तो कसाबसा मावायचा. वैरण आणायची, शेण काढायचं, धारा काढायच्या, दूध घालायचं, परत वैरण. मोडलेलं बोट, फाटलेली भुवई, सगळं याच्यातून वेळ काढून.

पण ह्याच माणसाच्या डोक्यात चार वर्षांनंतरची एक गोष्ट पक्की बसलेली होती. त्याला घरची म्हैस पाहिजे होती.

हे मला समजायला वेळ लागला. म्हशी तर त्याच्या दावणीला होत्याच, दोन, कधी तीन. पण त्या सगळ्या बाजारातून दुधावर आणलेल्या. आठ-नऊ महिने दूध द्यायच्या, मग आटायच्या. आटलेली म्हैस खाते तेवढंच आणि देत काही नाही. पुढच्या वेतापर्यंत तिला पोसायची ज्याची ऐपत नाही, तो तिला हेड्याच्या हवाली करतो आणि दुसरी आणतो. बसूअण्णा म्हणायचा, "आमच्यात म्हस पावणी म्हणून येती. नाव ठेवूस्तवर जाती." म्हशीबरोबर आलेलं रेडकूही जगत नाही. त्याला दोन घोट पाजायचे, म्हैस पान्हावली की ओढून बांधायचं आणि सगळं दूध आपण काढायचं. महिन्या-दोन महिन्यांत ते हाडं होऊन मरतं. रेडा असला तर कुणी हळहळत नाही. पण रेडी असली, म्हणजे मादी, तरी तेच होतं. उद्याची म्हैस आजच्या चरवीत जाते. हे सगळ्या गवळ्यांना माहीत असतं.

रेडी जगवायची तर तिला पहिले काही महिने कासेच्या चारांपैकी एक अख्खं सड सोडावं लागतं. जुने गवळी तसं सोडायचे म्हणे. तीन सडं माणसांची, चौथं रेडकाचं. नियम सगळ्यांच्या तोंडात होता, गोठ्यात कुठंच नव्हता. बसूअण्णानं त्या पाडव्याच्या दिवशी दावणीपुढं शपथ घेतली. एक रेडी चौथ्या सडावर वाढवायची. तिला साडेतीन-चार वर्षं सांभाळून घरात गाभण करायची, घरात विऊ द्यायची. मग पाडव्याला ती पळवायची. ती माझ्या हाकेला वळणार म्हणजे वळणार.

"तीन सडात भागवायचं," तो म्हणायचा. "पोटाला चिमटा बसू दे. पन चौथ्याला कुणी हात लावला तर हात मोडीन."

हात मोडला तो त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचा.

मल्लू त्याच घरात राहायचा. दोघांच्या बायका, पोरं मिळून सात तोंडं. सकाळच्या धारा मल्लूकडं असायच्या, कारण बसूअण्णा तेव्हा वैरणीला जायचा. म्हशीखाली महिन्याभराची रेडी होती. एके सकाळी बसूअण्णा लवकर परतला आणि त्याला दिसलं की मल्लू चौथ्या सडाची धार काढतोय. त्यानं म्हैस बांधायची लोखंडी मेख जमिनीतून उपसली. मल्लूनं डोकं वाचवायला हात वर केला. कोपराखालची दोन्ही हाडं मोडली.

दवाखान्यात दोघं मोटरसायकलवरून आले. मल्लू पुढं बसलेला, हात टॉवेलात गुंडाळलेला, आणि बसूअण्णा त्याला मागून मिठीत धरून गाडी चालवत होता. प्लास्टरला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं होतं, तोवर मी फळी बांधत होते.

"किती दिस काढतोयस?" बसूअण्णानं विचारलं.

"अठरा दिस. आली तवापास्नं."

"का?"

मल्लू तोवर दात आवळून बसला होता. आता तो असा ओरडला की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. "का म्हणून इचारतोस? वैनी मला सांगती, रतिबाच्या चार घरी दूध कमी पडतंय. पेंडवाला पेंड सोडंना. तुझी थोरली तापानं फणफणलीती, तिचं औषध कुठनं आलं? कमी पडल्यालं मी कुठनं भरतोय, इचारलंस कवा? तीन सडात भागत न्हाई दादा! तुला वाटतंय भागतंय, कारण चौथं मी काढतोय!"

बसूअण्णानं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मी हात धरला तर मलाही हिसडा बसला. मग तो भावाच्या पायाशी खाली बसून राहिला.

ती रेडी त्याच आठवड्यात मेली. म्हैस रेडकाशिवाय पान्हावेना, म्हणून मेलेल्या रेडीच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढं ठेवायचं ठरलं. हे काम एरवी मल्लूचं. त्याचा हात गळ्यात, म्हणून बसूअण्णानं ते स्वतः केलं. मी मल्लूचा हात बघायला घरी गेले होते, तेव्हा म्हैस ते पेंढ्याचं रेडकू चाटत होती, चरवीत धार पडत होती आणि बसूअण्णा तिच्या पोटाला कपाळ टेकून बसला होता. चारही सडं काढत होता, आता कुणाची वाटणी नव्हती. मल्लू हात बरा झाल्यावर वेगळा झाला आणि फौंड्रीत कामाला लागला. भावाभावांत बोलणं टिकलं, जाणंयेणं टिकलं नाही.

दुसरी रेडी महापुरात गेली. पंचगंगेचं पाणी गोठ्यात छातीपर्यंत आलं तेव्हा बसूअण्णानं दोन म्हशी पोहत काढल्या आणि तीन महिन्यांची रेडी मानेवर घेतली. जनावरं हायवेच्या कडेला बांधलेली, माणसं शाळेत. मी डॉक्टरांबरोबर त्या शाळेत ड्यूटीला होते. दोन दिवस जनावरांच्या तोंडात काही पडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी उसाच्या वाड्याचा, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याचा, एक ट्रक आला.

तसलं दृश्य मी परत बघू इच्छित नाही. ट्रक थांबायच्या आत माणसं वर चढली. एकमेकांचे पाय ओढून खाली आपटत होती. एकानं वाड्याची पेंढी पोटाशी धरून लोळण घेतली होती आणि दोघं त्याला लाथा घालत होते, पेंढी सुटावी म्हणून. ही सगळी एकमेकांच्या लग्नात जेवलेली माणसं. बसूअण्णा ट्रकच्या फाळक्यावर उभा राहून डाव्या हातानं पेंढ्या खाली फेकत होता आणि उजव्या हातानं जो वर येईल त्याला मारत होता. बुक्कीचा आवाज मला शाळेच्या फाटकात ऐकू येत होता. एका म्हाताऱ्या गवळ्याचे पुढचे दात त्यानं पाडले. त्या गवळ्याच्या चार म्हशी होत्या आणि त्याच्या वाट्याला एकही पेंढी आली नाही. अर्ध्या तासानं बसूअण्णा त्याला उचलून माझ्याकडं घेऊन आला, बरोबर स्वतःची एक पेंढीही आणली आणि त्याच्या उशाशी ठेवली.

"एवढीच का?" मी चिडून विचारलं. "चार म्हशी आहेत त्यांच्या."

"माझ्या दोन आन एक रेडी हाय, सिस्टर," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीनं तो हिशोब पुरा होता.

त्याच संध्याकाळी शाळेच्या वर्गात एक ओली बाळंतीण होती, पाच दिवसांचं मूल, आणि भीतीनं तिचं दूध आटलेलं. बाहेरून दुधाची गाडी येत नव्हती. बसूअण्णा फाटकातून आत आला तेव्हा शांतव्वा त्या बाळाला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत होती. कुठल्या सडाचं, हे त्याला विचारावं लागलं नाही, दुसरी म्हैस आटलेली होती आणि हिच्या तीन सडांचं दूध त्यानंच सकाळी काढून शाळेत वाटलं होतं. त्यानं हात उगारला. मी मध्ये जायला निघाले.

शांतव्वाला मी त्याआधी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मार की. आन मारून झालं की ह्या लेकराच्या तोंडातनं काढून घे आन जा रेडीला पाजायला."

तो उगारलेला हात त्यानं भिंतीवर मारला. शाळेची दगडी भिंत. उजव्या हाताची दोन हाडं गेली. मी हात बांधत असताना तो त्या बाळाकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हाताच्या दुखण्यानं असेल किंवा कशानंही असेल. पुढचे सहा दिवस चौथं सड शाळेत आलं. डाव्या हातानं काढून तो स्वतः आणून द्यायचा आणि बाळंतिणीला म्हणायचा, "घ्या, गरम हाय तवर." बाळ जगलं. रेडी नवव्या दिवशी मेली. तिला त्यानं पुराच्या पाण्यात सोडलं आणि मग संध्याकाळभर हायवेवर ह्याला त्याला शिव्या देत फिरला. कुणीतरी उलट बोलावं आणि भांडण लागावं, एवढीच त्याची इच्छा होती. त्या दिवशी कुणाच्याच अंगात उलट बोलायचं त्राण नव्हतं.

तिसरी रेडी झाली तिचं नाव चिन्नव्वा. आधीच्या दोघींना त्यानं नावं ठेवली नव्हती. मुरगूडच्या बाजारातून त्यानं एक पोटुशी म्हैस आणली होती, ती त्याच्या गोठ्यात व्याली. रेडी घरात जन्मली म्हटल्यावर त्याला काय करू नि काय नको झालं. चिन्ना म्हणजे सोनं, त्यानं मला सांगितलं, तीनदा सांगितलं.

आणि एका सोमवारी तो चिन्नव्वाला खांद्यावर घेऊन दवाखान्यात आला. मला वाटलं, आता रेडकालाही मारलं की काय. तर म्हणाला, "काट्यावर बगायचं हाय." आमचा जुना लोखंडी काटा होता, माणसांचा. तो रेडीला घेऊन काट्यावर चढला, मग तिचं दावं माझ्याकडं देऊन एकटा चढला. डॉक्टर आतून ओरडले, "बसूअण्णा, हा काय जनावरांचा दवाखाना आहे?" हा म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या काट्याला काय कळतंय?" पेशंट हसले. मग दर सोमवारी ते सुरू झालं. आठवड्याला तीन किलो, कधी साडेतीन. वजन वाढलं की तो बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा. त्या दोन महिन्यांत त्यानं एकाही माणसाला मारलं नाही. मला त्याच्या भांडणांची इतकी सवय झाली होती की मीच एकदा विचारलं, बरं आहे ना? तो म्हणाला, "रेडी जगतीया सिस्टर. आता कुणास्नी मारू?"

आणि मग म्हशीला दगडी झाली. दगडी म्हणजे कासेचा रोग. कास दगडासारखी होते आणि सडातून पाण्यासारखं, रक्ताचं काहीतरी येतं. जनावरांच्या डॉक्टरांनी सुया दिल्या. तीन सडं गेली ती गेलीच. चौथं तेवढं चांगलं राहिलं, कारण ते रेडी दोन्ही वेळेला चोखून पार मोकळं करत होती. दुसरी म्हैस आधीच आटून विकली होती. म्हणजे घरात दूध देणारं एकच सड उरलं, आणि ते चिन्नव्वाचं होतं.

हे त्यानं मला सांगितलं नाही. तो नेहमीसारखा सोमवारी आला. त्या सोमवारी वजन अर्धा किलोच वाढलं होतं. पुढच्या सोमवारी काहीच नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी दोन किलो कमी.

"अण्णा, हिला दूध मिळत नाही," मी म्हणाले.

"काटा बिगडलाय तुमचा."

"काटा बिघडला असता तर तुमचंही वजन चुकलं असतं."

त्यानं काट्याला लाथ घातली. काटा भिंतीवर जाऊन आदळला, त्याची काच फुटली. चिन्नव्वाला उचलून तो निघून गेला. मला राग आला होता, काट्याचा नाही, खोटं बोलल्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, दवाखाना उघडायच्या आधी, मी त्याच्या गोठ्यावर गेले. खरं सांगायचं तर भांडायलाच गेले. शांतव्वा नाहीतर पोरी काढत असतील चोरून, असंही मनात होतं. त्यांचं ऐकून घेऊ, मग बसूअण्णाला दोन शब्द सांगू, असं ठरवून गेले.

गोठ्यात तो स्वतः म्हशीखाली बसला होता. चौथ्या सडाची धार चरवीत पडत होती. चिन्नव्वा दोन हातांवर आखूड दाव्यानं बांधलेली होती आणि तिच्या बरगड्या दारातून मोजता येत होत्या. त्यानं मला बघितलं. हात थांबला नाही.

"आजच्यापुरतं," तो म्हणाला.

दारात उभी असलेली शांतव्वा माझ्याकडं न बघता म्हणाली, "रोज आजच्यापुरतंच असतंय. वीस दिस झालं."

"काय करू मग?" तो तिच्यावर ओरडला, कपाळ म्हशीच्या पोटावरून न उचलता. "घरात चूल पेटवायची का न्हाई? दुसरी म्हस येऊस्तवर चार घरं राखायची का न्हाई? घरं तुटली तर चिन्नव्वा तरी कुठं ऱ्हायाची? उद्यापास्नं सोडतो तिचं सड. आज काढू दे."

तेवढ्यात दावं तुटलं, की गाठ सुटली, कोण जाणे. चिन्नव्वा सरळ कासेत घुसली. त्याच्या हाताखालून तोंड घालून तिनं सड धरलं आणि रेडकं मारतात तशी कासेला ढुशी मारली. चरवी उलटली. सगळं दूध शेणात गेलं.

बसूअण्णानं मूठ वळली आणि तिच्या तोंडावर मारली. माणसाला मारायचा तशीच, खांद्यापासून. ती पुढच्या पायांवर बसली, उठायला बघत होती तर त्यानं परत मारली. नाकातून रक्त आलं. तिनं तोंड उघडलं, तर जिभेवर दूध होतं आणि त्यात ते रक्त मिसळलं. शांतव्वा किंचाळली. मी धावले. तिसरी मूठ त्यानं वर केली होती, ती तशीच वर राहिली.

मी चिन्नव्वाचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं पुसत होते. म्हैस दावणीत पाय आपटत होती आणि रेडीकडं वळून हंबरत होती. मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल. तो खाली वाकला, चरवी उचलली, आत थोडं पाणी टाकून विसळली आणि परत म्हशीखाली बसला. तिच्या पोटाला कपाळ टेकवलं. "बा अव्वा, बा," म्हणाला. गिऱ्हाइकं कट्ट्यावर थांबली होती.

चिन्नव्वा तिसऱ्या दिवशी गेली. बसूअण्णा तिला माझ्याकडं घेऊन आला नाही. मीही नंतर बरेच दिवस त्या गल्लीतून गेले नाही. त्याचा राग येत होता, आणि राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं. एका सडावर घर चालवणाऱ्या माणसाला मी काय सांगणार होते? दर महिन्याच्या पगारावर माझं घर चालतं. मला चार वर्षांपुढचं बोलायला काही लागत नाही.

त्याला पंधराएक वर्षं झाली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि मी मुलाकडं हातकणंगल्याला राहायला गेले. जायच्या आदल्या संध्याकाळी कट्ट्यावर गेले, दूध प्यायला आणि खरं म्हणजे त्याला भेटायला. बसूअण्णा नव्या म्हशीखाली बसला होता. केस पिकलेले, खांदे उतरलेले. म्हैस अवघड असावी. तो बराच वेळ तिची कास कुरवाळत होता, कानडीत तिची समजूत घालत होता. शेवटी ती पान्हावली आणि धार सुरू झाली. माझ्या पुढं चार-पाच माणसं होती.

एक पंचविशीतला तरणा आला, गॉगल डोक्यावर, रांग सोडून पुढं. "ए म्हाताऱ्या, किती वेळ? आधी मला दे." बसूअण्णा म्हणाला, "पाळी आली की देतो." त्या पोरानं वाकून त्याच्या मुस्काटात मारली. नुसती चापट नाही, चांगली सणसणीत. बसूअण्णाचं डोकं म्हशीच्या पायावर आपटलं.

जुनी गिऱ्हाइकं दोन पावलं मागं सरली, आता काय होणार ते त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. आयुष्यभर मी ज्याला मारू नको म्हणत आले, तो आता उठावा आणि त्या पोराला चरवीनं फोडून काढावं, असं मला मनापासून वाटलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

बसूअण्णाचे हात सडांवर तसेच चालू होते. ओठ फुटला होता. त्यानं डोकं परत म्हशीच्या पोटाला टेकवलं आणि हलक्या आवाजात, म्हैस बुजू नये म्हणून अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "थांबा पावणं. पान्हा आलाय, मी उठलो तर चोरंल ती. तेवढ्या धारा निघू देत. मग मारा."

त्यानं सगळ्या धारा काढल्या, चौथ्या सडाच्याही, शेवटच्या थेंबापर्यंत. पुढच्या माणसांचे पेले भरले, उरलेलं चरवीत घेतलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठला, धोतराला हात पुसले आणि त्या पोराकडं वळला. पोरगं केव्हाच निघून गेलं होतं. बसूअण्णानं थोडा वेळ इकडंतिकडं बघितलं, आणि मग माझ्यापुढं हात केला, माझा रिकामा पेला घ्यायला.